माहेरची माणसं येईपर्यंत

धडगाव
मंगळवार

प्रिय यामिनी,

सगळ्यात आधी एक वाक्य वाच आणि मग घोटभर पाणी पी. आबा बरे आहेत. माझे वडील जिवंत आहेत, दोन्ही वेळ जेवताहेत आणि आईच्या म्हणण्यानुसार पूर्वीपेक्षा जास्त कटकट करताहेत. त्या दिवशी माझ्या भावाने, भूपेशने, तुला फोनवर जे काही सुनावलं त्यातलं ‘मन्हा बापले दवाखानामा लई जाई ऱ्हायनूत’ एवढं खरं होतं, पण त्याच्या पुढचं तुला कुणी सांगितलंच नाही. दवाखान्यात नेलं, रक्तदाब बघितला, गोळी दिली, थोडा वेळ पडून राहा म्हणाले. आबा पडून राहिले नाहीत, कारण आबा कुणाचंच ऐकत नाहीत. तोवर तू फोन बंद केलास, ग्रुपमधून बाहेर पडलीस, आणि तुझ्यामागे सगळा ग्रुप असा चिडीचूप झाला की कुणाला काही विचारायची सोय उरली नाही. मागे तू मिरचीपूड पाठवली होतीस, त्या पुडक्यावरचा पत्ता मी डब्यावर चिकटवून ठेवला होता म्हणून बरं. नाहीतर रोज बोलणाऱ्या मैत्रिणीचं घर नंदुरबारात कुठल्या गल्लीत आहे, हेही मला सांगता आलं नसतं.

मी मात्र बरी आहे असं लिहायला हात धजत नाही. बाहेर कुणी पांढरी टोपी घातलेला माणूस दिसला की मी दाराआड होते. ऑफिसात शिपाई म्हणाला, मॅडम, तुम्हाला भेटायला कुणी आलंय, की मी आधी विचारते, रडतंय का. माणसाने काहीही बघावं पण आपल्या मयतीला जमलेली माणसं बघू नयेत. आमची शेजारीण कमलीबाई, जिने माझा खलबत्ता नेला तो आजतागायत परत केला नाही, ती माझ्या चांगुलपणाबद्दल जे बोलत होती ते ऐकून मला माझाच हेवा वाटला. खलबत्ता अजून तिच्याकडेच आहे.

तू म्हणशील, ही अजून थट्टाच करते आहे. काय करू, सवय तूच लावलीस. दिवसभर आवक-जावकच्या टेबलावर ‘सविनय सादर’ आणि ‘उचित कार्यवाहीस्तव’ लिहून बोटांना बुरशी यायची वेळ आली होती, तेव्हा कुणीतरी मला ‘नसते उद्योग’मध्ये ओढलं. ग्रुपचं नाव वाचूनच मी हसले होते. दर शनिवारी तू एक उद्योग द्यायचीस आणि आम्ही रिकामटेकडे त्यावर तुटून पडायचो. मिरचीने सुरतेला गेलेल्या नवऱ्याला लिहिलेलं पत्र. जीपच्या मागच्या पायरीवर लटकलेल्या माणसाचं मनोगत. बोकडाचा तहसीलदारांना अर्ज, ज्याला मी खराखुरा जावक क्रमांक टाकला होता आणि शहाद्याच्या धीरजने खाली ‘अर्ज फेटाळण्यात येत आहे, मटण शिजत आहे’ असा शेरा मारला होता. बक्षीस नाही, छापून येणं नाही, कुणी कुणाच्या चुका काढायच्या नाहीत. त्यात मला किती सुख होतं हे मी तुला कधी सांगितलं नाही. घाटात पाऊस लागला, वीज गेली, करमसिंग गुरांच्या डॉक्टरांबरोबर पाड्यांवर मुक्कामी असला, की मी आणि सासूबाई दोघीच घरात. त्या पावरी बोलणार, मी मराठी, आणि मध्ये हातवारे. अशा वेळी तुमची ती टवाळी वाचून मी एकटी खिदळायचे आणि सासूबाई माझ्याकडे काळजीने बघायच्या.

आता त्या शनिवारच्या उद्योगाकडे येते. तू लिहिलं होतंस की आपल्याकडे सकाळी फोन उघडला की आधी कुणाच्या तरी निधनाचा मेसेज असतो, आणि आपण तो पुरता न वाचता ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून मोकळे होतो. तर प्रत्येकाने आपापली निधनवार्ता आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे मागच्यांची चुकीची स्तुती टळेल. जिची सगळ्यात खरी वाटेल ती जिंकली. अगं, मसुदा लिहिणं म्हणजे माझा धंदाच. मी वरचा भाग अगदी शासकीय केला. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, सौ. ममता करमसिंग पावरा, प्रकाशा येथील हिलाल पाटील यांची कन्या, यांचे आज पहाटे धडगाव येथे अल्पशा आजाराने निधन झाले. अंत्ययात्रा माहेरची मंडळी पोहोचल्यावर राहत्या घरापासून निघेल. आणि मग खूप खाली, फोनवर ‘आणखी वाचा’ दाबल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, खरी मजा. शोकाकुल म्हणून दोन कोंबड्या, अर्धवट राहिलेलं लोणचं आणि समस्त आवक-जावक विभाग. विशेष सूचना, मयताला पेढे आवडत, तरी येणाऱ्यांनी रिकाम्या हाताने येऊ नये. तुम्ही सगळे त्या कोंबड्यांवर हसलात. धीरजने लगेच पेढ्यांचा फोटो टाकला.

पुढचं मला तुझ्या नणंदेकडून कळलं, ती प्रकाशाला आमच्या माहेरच्याच गल्लीत दिली आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. तुला तो मेसेज तुझ्या नवऱ्याला दाखवायचा होता, बघा किती छान लिहिलंय म्हणून, आणि बोट घसरून तो गेला तुझ्या सासरच्या ग्रुपवर. हे कुणाच्याही हातून होतं. तुझ्या लक्षात आलं तेव्हा तू तो पुसलास. यामिनी, तिथे मात्र घात झाला. मेसेज पुसल्यावर लोकांची खात्रीच पटली. नणंदबाई म्हणतात, आम्हाला वाटलं की घरच्यांना अजून कळलेलं नसेल म्हणून वहिनींनी घाईने काढून घेतला, म्हणजे बातमी पक्की. आणि ‘आणखी वाचा’ कुणी म्हणजे कुणी दाबलं नाही. निधनाचा मेसेज शेवटपर्यंत वाचणारा माणूस आपल्या जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे, हे तूच लिहिलं होतंस की. तुझी नणंद पदर खोचून आबांच्या ओट्यावर गेली आणि तिने त्यांना वरच्या चार ओळी तोंडपाठ सांगितल्या.

इकडे मी नदीवर. सुट्टी होती, ऊन कडक होतं, म्हणून गोधड्या धुवायला घेतल्या होत्या. फोन घरी, आणि त्या दिवशी त्यात रेंज नाही, म्हणजे तो घरी असला काय आणि नसला काय. करमसिंग पहाटेच गुरांना लस टोचायला वरच्या पाड्यांवर गेला होता. घरी सासूबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. तर अशा वेळी दोन जीपा भरून माणसं आमच्या दारात उतरली. पुरुष टोप्या-उपरण्यात, बाया तोंडाला पदर लावून, आणि सगळ्यांत पुढे माझी आत्या, बेबीबाई, जिचा आवाज तापीच्या या काठावरून त्या काठावर जातो. तिने उतरल्या उतरल्या ‘ममता वं, मन्ही माय वं’ म्हणून हंबरडा फोडला. आमच्या सासूबाई दिवलीबाईंना अहिराणीतलं अक्षर कळत नाही. पण त्यांची एक रीत आहे. रडत आलेल्या माणसाला आधी काही विचारायचं नाही. गळ्यात पडायचं, त्याच्याबरोबर रडायचं, आणि कोण गेलं ते मागाहून बघायचं. त्यांनी ‘ममता’ एवढा एक शब्द ऐकला आणि ताडलं की ही आपल्या सुनेच्या माहेरची माणसं. म्हणजे तिच्या माहेरचं कुणीतरी गेलं, कदाचित आईच. त्यांनी बेबीबाईच्या गळ्यात मिठी मारली आणि माझ्या दुःखाने अशा काही रडल्या की आलेल्यांच्या मनात उरलीसुरली शंका होती तीही गेली. सासूच इतकी रडते म्हटल्यावर अजून कुठला पुरावा हवा.

मी डोक्यावर ओल्या गोधड्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले. अंगणात गर्दी, मोहाच्या फुलांवर चपला, आणि आतून सासूबाईंचा रडण्याचा आवाज. सासूबाई रडताहेत म्हणजे त्या आहेत. मग कोण नाही, असा हिशेब माझ्या डोक्यात एका क्षणात झाला. घाटातून रोज काही ना काही बातमी येतेच. मला वाटलं, करमसिंग गेला. गोधड्या मातीत पडल्या, मी मातीत बसले आणि ओरडून रडायला लागले. मागून नवीन कुणी रडत आलं म्हणून दोन बायांनी वळून मला धरलंही. ते माझ्यासाठी रडत होते, मी माझ्या नवऱ्यासाठी, सासूबाई माझ्या आईसाठी, आणि ज्यांच्या नावाने हे चाललं होतं ती तिन्ही माणसं जिवंत होती. मग बेबीबाईने माझा चेहरा बघितला. तिचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा मध्येच बंद पडला. कुणीतरी म्हणालं, ‘जित्ती शे. ममता जित्ती शे.’ बाया मागे सरकल्या. एकीने मला चिमटा काढून बघितला, तो वळ अजून दंडावर आहे. आणि त्या सगळ्यांच्या मागे, जीपवाल्या डोंगरसिंगच्या गाडीचं दार एका हाताने धरून, आबा उभे होते.

मी तुला आता जे लिहिते आहे ते ग्रुपवर कुणालाच ठाऊक नाही. मी करमसिंगशी लग्न केलं तेव्हा आबांनी भांडण केलं नाही, हात उगारला नाही. ‘आजपासून तू आमनासाठे मरी गई’ एवढं म्हणाले, तापीवर गेले आणि माझ्या नावाने आंघोळ करून आले. लोक हे नुसतं म्हणतात, आबांनी खरोखर केलं. चार माणसांदेखत, घाटावर. पाटलाच्या मुलीने पावऱ्याच्या घरात जायचं हे त्यांना सोसवलं नाही. त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत त्या घरातून एक फोन नाही, आईचा निरोप नाही, भूपेशच्या लग्नाची पत्रिका नाही. आणि तू विचारशील, मग दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तू ग्रुपवर लिहायचीस ते काय होतं? झोके, सांजोऱ्या, आबा आंबे मोजून देतात म्हणून आम्हा भावंडांचं त्यांच्यावरचं ते वगनाट्य, तुला इतकं आवडलं होतं ते? ते सगळं घडलेलंच होतं गं, फक्त जुन्या सालांतलं होतं. सगळ्या लेकी आखाजीला माहेरी जातात, मी ग्रुपवर जायचे. तुम्ही हसायचात, विचारायचात, पुढे आबा काय म्हणाले, आणि मी आबांना पुढचं वाक्य द्यायचे. तेवढ्यापुरते ते माझ्याशी बोलायचे.

आणि त्या निधनवार्तेत, तुम्ही कोंबड्यांवर हसलात, पण माझ्यापुरता विनोद वरच होता. सवाष्ण बाई गेली की माहेरची माणसं आल्याशिवाय, त्यांनी आणलेलं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. म्हणून मी लिहिलं, अंत्ययात्रा माहेरची मंडळी पोहोचल्यावर निघेल. माझ्या माहेरचं कुणी येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे मला उचलायची वेळच येणार नाही, मी आपली अमर. हे लिहून मी स्वतःशीच हसले होते. भूपेशने नंतर मला सांगितलं की तुझ्या नणंदेने नेमकी ती ओळ म्हटली तेव्हा आबा ओट्यावरून उठले, आत गेले आणि आईला म्हणाले, ‘लुगडं काढ. वाट पाही ऱ्हायनी ती.’

तर ते आले होते. एका हातात जीपचं दार, दुसऱ्या हातात तापीच्या पाण्याने भरलेला तांब्या, तोंडाला फडकं बांधलेला. माझ्या तोंडात घालायला आणलेलं पाणी. मला बघून सगळे ओरडले, आबा ओरडले नाहीत. ते नुसते बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू राखेच्या रंगाचा झाला. मग ते जीपच्या पायरीवरच बसले. भूपेश धावला, आणि मग त्याचा तोल सुटला. कुणी पाठवलं, कुणाचा मेसेज, म्हणत तो रेंज शोधत वरच्या टेकाडावर चढला आणि तुला तो फोन केला. तो काय बोलला ते मला खालून ऐकू येत होतं. तुझा काही गुन्हा नसताना तुला ते ऐकावं लागलं याची मला लाज वाटते. एवढ्यात करमसिंग आला. त्याला वाटेत कुणीतरी सांगितलं होतं की तुझी बायको गेली, तो मोटारसायकल कशी चालवत आला ते त्यालाच माहीत. त्याने मला उभं बघितलं आणि वळून थेट आबांना उचलून डोंगरसिंगच्या जीपमध्ये बसवलं. नऊ वर्षांत ज्या दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं, ते दवाखान्यापर्यंत एकमेकांना टेकून गेले. आबांना तेव्हा विरोध करायची ताकद नव्हती, म्हणून जमलं.

दवाखान्यातून परत आल्यावर अंगणात पंचवीस माणसं आणि काय बोलावं हे एकालाही सुचेना. मेलेल्या माणसाच्या घरी काय बोलायचं हे सगळ्यांना येतं. जिवंत निघाली तर काय, याची रीत आपल्याकडे नाही. आबा ओट्यावर बसले, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘च्या ठेव.’ मी आत वळले तर मागून म्हणाले, ‘हाई पानी फेकू नको. यानाच ठेव.’ आणि तो तांब्या पुढे केला. मला वाटलं, अजूनही यांना या घरातलं पाणी चालत नाही. माझ्या मयताला आले, पण पाणी आपलं घेऊन आले. करमसिंगलाही तेच वाटलं असणार, कारण तो उठून गोठ्याकडे गेला. मी चुलीपाशी उभी राहून माझ्या मरणाचं पाणी उकळलं, साखर घातली, पत्ती घातली. रडू येत होतं आणि त्याच वेळी मेंदूतला एक नालायक कोपरा म्हणत होता, हे यामिनीला सांगायला हवं.

आबांनी चहा प्यायला. कप खाली ठेवला. आणि तेवढ्यात सासूबाई, ज्यांना या कशातलं काहीच ठाऊक नव्हतं, कोण मेलं नाही एवढंच ज्यांना समजलं होतं आणि त्या आनंदात ज्या सगळ्यांना हाताला धरून बसवत होत्या, त्या माठातलं पाणी लोटा भरून घेऊन आल्या आणि आबांच्या पुढे उभ्या राहिल्या. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, त्यांच्या लेखी एवढंच. सगळं अंगण थांबलं. बेबीबाईने डोळे मिटून घेतले. आबांनी लोट्याकडे बघितलं, मग सासूबाईंच्या सुजलेल्या डोळ्यांकडे. मला त्यांनी विचारलं, ‘ही बाई कोनासाठे रडनी?’ मी म्हटलं, आईसाठी. त्यांना वाटलं माझी आई गेली. मग त्यांनी लोटा दोन्ही हातांनी घेतला, वर धरला आणि घटाघटा सगळा संपवला. रिकामा लोटा परत देताना म्हणाले, ‘गार शे पानी.’

मग राहिलं लुगडं. ते हिरवं लुगडं बेबीबाईच्या मांडीवर गुंडाळून पडलं होतं. ती म्हणाली, मढ्यासाठी आणलेलं आहे, ते माघारी न्यायचं नाही आणि जिवंत बाईने अंगाला लावायचं नाही, नदीत सोडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ते हातात घेतलं तर घड्यांवर पिवळट रेषा होत्या, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. त्या सकाळी घाईने घेतलेलं ते नव्हतंच. मी भूपेशकडे बघितलं तर तो म्हणाला, तुझ्या लग्नासाठी आईने घेऊन ठेवलं होतं, कुणाला देऊ देत नव्हती. आबांना हे माहीत नसावं, कारण त्यांनीही तेव्हाच वळून बघितलं. मग बेबीबाईला म्हणाले, ‘तू चूप ऱ्हाय.’ आणि मला म्हणाले, ‘नेसी ये.’ मी आत जाऊन नेसले. निऱ्या सासूबाईंनी घातल्या. बाहेर आले तर आबांनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. मी आबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते लोक मेल्यावर रडायला आले होते, पण आबा रडले ते मी जिवंत आहे म्हणून.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. जाताना जीपमध्ये बसल्यावर आबा म्हणाले, ‘आखाजीले मूळ धाडसू.’ मुलीला माहेरी आणायला माणूस पाठवतो, एवढाच त्याचा अर्थ, पण मला तो कळायला वेळ लागला. भूपेश येणार आहे मला आणि करमसिंगला न्यायला, सासूबाईंनाही. जीप चालू झाली आणि आबांनी पुन्हा ती थांबवली, मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, ‘जी बाईनी ती खबर धाडी, तिले बी लई ये. तिना तोंडमा साखर घालनी शे मले.’ म्हणून लिहिते आहे. कुणाला तोंड दाखवू नये असं तुला वाटत असेल, पण तिकडे एक म्हातारा तुझी वाट बघतो आहे आणि तो ऐकणारा माणूस नाही. आणि खरं सांगू, मला एकटीने जायची भीती वाटते. मी इतकी वर्षं ते घर लिहीत आले, हवं ते ठेवलं, नको ते वगळलं, आबांच्या तोंडी मला हवी ती वाक्यं घातली. आता खरे आबा समोर असतील आणि त्यांचं पुढचं वाक्य मला माहीत नसेल. आई थकली असेल, घर लहान वाटेल, भावकीतल्या एखाद्याच्या डोळ्यांत करमसिंगसाठी अजून तीच नजर असेल. तेव्हा मला कुणीतरी शेजारी लागेल जिला हळूच कोपराने ढोसता येईल. आपण एकमेकींना पाहिलेलं नाही, तर मी हिरवं लुगडं नेसलेली असेन, ओळखायला सोपं जाईल. फोन चालू कर आणि फक्त ‘येते’ एवढं लिही, यामिनी. नऊ वर्षांनी माझ्या माहेरचा दरवाजा उघडतो आहे, तो तू चुकून ढकललास, आता माझ्याबरोबर आत ये.

तुझीच,
हयात असलेली
ममता